चाकाच्या पोटातले छर्रे



चाकाचा शोध हा मानवजातीच्या इतिहासातील एक फार मोठा शोध होय, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत असताना लिहिले आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ते मुलांकडून लिहून घेतलेही आहे. पण चाक फिरते कशावर, हा प्रश्न मात्र वर्गात सहसा निघत नाही. चाक आसावर फिरते. जिथे चाक आणि आस एकमेकांना भिडतात, त्या वीतभर जागेसाठी माणसाने दोन हजार वर्षे डोके चालवले आहे. त्या जागेचा इतिहास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

हा इतिहास कुठवर येऊन पोचला ते दाखवण्यासाठी मी एक विलायती मोटार निवडली आहे. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरी तयार झालेली, जॅग्वार कंपनीची 'ई-टाइप' नावाची स्पोर्ट्‌स कार. तिचे मागचे चाक आवाज करू लागले, तर तो आवाज कशाचा हे कसे ओळखतात आणि आतला झिजलेला भाग कसा बदलतात, तेही आपण पाहू. तुम्ही म्हणाल, "अहो, आमच्या गावात बैलगाडी, ट्रॅक्टर आणि एस. टी.! असल्या मोटारीशी आमचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. थोडा धीर धरा म्हणजे झालं.

लाकडी चाकाची बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. चाकाच्या मधोमध तुंबा, आणि तुंब्याच्या भोकात लोखंडी आस. चाक फिरते तेव्हा तुंब्याची आतली बाजू आसावर घासत जाते. घासल्याने दोन्ही तापतात, दोन्ही झिजतात, आणि बैलांची ताकद फुकट खर्ची पडते. म्हणून गाडीवान वंगण घालतो. वंगण सुकले की चाक करकरू लागते, आणि ते करकरणे चार शेते ओलांडून ऐकू येते. घर्षण कमी करण्याचा हा एक जुना उपाय झाला.

दुसरा उपायही तितकाच जुना. मोठा दगड ओढत न्यायचा असला की आपण त्याच्याखाली गोल लाकडे घालतो. मग जिथे आठ माणसे दमत होती तिथे चौघे पुरतात. घासत जाण्यापेक्षा गडगडत जाणे सोपे, हे माणसाला फार पूर्वी कळले होते. आता असं पाहा, हेच गडगडणे आस आणि तुंबा यांच्यामधल्या फटीत आणता आले तर? त्या फटीत गोल छर्रे भरले तर? बेअरिंग म्हणतात त्याची सारी कल्पना एवढीच आहे.

ही कल्पना रोमन लोकांना सुचली होती. रोमजवळ नेमी नावाचे सरोवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कॅलिग्यूला बादशहाने तिथे दोन अवाढव्य नावा बांधवल्या होत्या. त्या बुडाल्या आणि शतकानुशतके गाळात राहिल्या. १९२८ ते १९३२ या काळात सरोवराचे पाणी उपसून त्या बाहेर काढण्यात आल्या, तेव्हा त्यांत काशाचे गोळे आढळले. फिरता चौथरा त्या गोळ्यांवर टेकवलेला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. पुढे १९४४ साली, महायुद्धाच्या धुमाळीत, या नावा आगीत भस्म झाल्या. पण आपल्याला हवी होती ती साक्ष तोवर नोंदली गेली होती.

त्यानंतर सुमारे पंधराशे वर्षांनी इटलीतच लिओनार्दो दा व्हिंची या चित्रकाराने आपल्या वह्यांत छऱ्यांच्या बेअरिंगची चित्रे काढली. छर्रे एकमेकांना घासू नयेत म्हणून ते वेगवेगळ्या खणांत ठेवावेत, हेही त्याला सुचले होते. या चित्रांची वही कैक वर्षे माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नजरेआड पडून होती; ती १९६० च्या दशकात पुन्हा हाती लागली. आणि १७९४ साली वेल्समधील कारमार्थन गावचा लोखंड-कारखानदार फिलिप वॉन याने तर घोडागाडीच्या आसासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंटच घेतले. आस आणि चाक यांच्यामध्ये खाच, आणि खाचेत गोल छर्रे. आजच्या मोटारीच्या चाकात जे असते त्याचा आराखडा त्यात सापडतो.

मग प्रश्न असा येतो की, १७९४ सालानंतर जगातल्या सगळ्या घोडागाड्या छऱ्यांवर का धावू लागल्या नाहीत? याचे उत्तर या सबंध इतिहासाचे मर्म आहे, म्हणून ते नीट पाहू.

समजा, एका खाचेत दहा छर्रे आहेत. दहाही अगदी सारखे असतील तर खालच्या बाजूचे छर्रे भार आपसांत वाटून घेतात. पण त्यांतला एक केसभर मोठा निघाला, तर? त्याची पाळी खाली आली की बाकीचे रिकामे आणि सगळा बोजा त्या एकट्यावर. तो तरी चिरडेल, नाहीतर ज्या कड्यावर तो फिरतो ते कडे फोडील. सामायिक ओझे वाहताना एकाच्याच खांद्यावर सारा भार आला म्हणजे काय होते, हे खेड्यात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको. तेव्हा, छर्रे वापरावेत ही कल्पना कोणालाही सुचण्यासारखी होती. छर्रे गोल आणि सारखे करणे, आणि ते हजारोंनी करणे, हे मात्र कोणाला जमत नव्हते. कल्पना तयार होती, पण ती मापासाठी खोळंबून राहिली होती.

ही कोंडी फुटण्याला निमित्त झाली सायकल. घोडागाडी जड चालली तर घोड्याला कष्ट, आणि घोडा तक्रार करीत नाही. सायकल जड चालली तर कष्ट चालवणाऱ्याला! १८६९ साली पॅरिसमध्ये ज्यूल स्युरिरे या माणसाने सायकलीसाठी छऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रूआँ अशी सुमारे १२३ किलोमीटरची सायकल शर्यत झाली. जेम्स मूर नावाच्या तरुण इंग्रजाने ती साडेदहा तासांहून थोड्या अधिक वेळात जिंकली, आणि त्याच्या सायकलीला असली बेअरिंगे बसवलेली होती. शर्यतीची बातमी पसरली तशी छऱ्यांची कीर्तीही पसरली.

पण खरे काम जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट या गावी झाले. १८८३ साली फ्रीडरिख फिशर याने पोलादी छर्रे घासून गोल करणारे यंत्र तयार केले. या यंत्रातून छर्रे एकाच वेळी मोठ्या संख्येने निघत, आणि ते गोलही असत व एकमेकांसारखेही असत. रोमन कारागिराला, लिओनार्दोला आणि वॉनला जे साधले नव्हते ते एका आडगावच्या कारखान्यात साधले. इतिहासाच्या पुस्तकात या यंत्राला सहसा एक ओळही मिळत नाही. परंतु सायकल, मोटार, विजेची मोटार, पाण्याचा पंप, यांतले काहीही आज ज्या रूपात आहे त्या रूपात या यंत्रावाचून झाले नसते.

यापुढची दोन नावेही ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. पहिले हेन्री टिमकेन याचे. हा जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत सेंट लुई शहरी घोडागाड्या बांधणारा कारागीर. वळणावर गाडी गेली की चाकावर नुसता वरून भार येत नाही, बाजूनेही दाब येतो, हे त्याने पाहिले होते. नुसते गोल छर्रे तो बाजूचा दाब फारसा सोसत नाहीत. म्हणून त्याने छऱ्यांऐवजी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असे पोलादी रोलर बसवले. निमुळते रोलर तिरके बसत असल्याने वरचा भार आणि बाजूचा दाब दोन्ही पेलतात. याचे पेटंट १८९८ सालचे. दुसरे नाव स्वीडनमधील गोथेनबर्गच्या स्वेन विंगक्विस्ट याचे. तो कापडगिरणीत अभियंता होता. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी असल्यामुळे इमारत खचे, यंत्रांचे दांडे वाकडे होत आणि बेअरिंगे फुटत. त्याने दांडा थोडा वाकडा झाला तरी आपोआप जुळवून घेणारे बेअरिंग १९०७ साली तयार केले. त्यातूनच एस.के.एफ. ही कंपनी निघाली. पुढे याच कंपनीच्या आधाराने स्वीडनमध्ये व्होल्वो मोटारी निघाल्या. लॅटिनमध्ये व्होल्वो म्हणजे 'मी फिरतो'. हे नाव मुळात बेअरिंगसाठीच नोंदवलेले होते, बरं का!

एवढीशी वस्तू, पण तिच्यासाठी माणसे किती मेली तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची रणगाडे, विमाने, तोफा, सारी यंत्रसामग्री बेअरिंगवर फिरत होती, आणि बेअरिंगचा मोठा वाटा त्याच श्वाइनफुर्ट गावात तयार होत होता. हे एक गाव उद्ध्वस्त केले की जर्मनीचे चाक थांबेल, असा हिशेब अमेरिकी हवाई दलाने मांडला. १७ ऑगस्ट १९४३ रोजी रेगेन्सबुर्ग आणि श्वाइनफुर्ट या दोन ठिकाणी मिळून हल्ला झाला, त्यात ६० बाँबफेकी विमाने परत आली नाहीत. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी पुन्हा हल्ला झाला. निघालेल्या २९१ विमानांपैकी पुन्हा ६० पडली. एकेका विमानात दहा-दहा जवान असत. गावात खाली जे मेले ते वेगळेच. तरीसुद्धा जर्मनीचे चाक थांबले नाही. साठवलेला माल होता आणि कारखाने ठिकठिकाणी विखुरण्यात आले. त्याच काळात इंग्लंड स्वीडनमधून बेअरिंगे आणीत होते, तीही चोरवाटेने. हलकी, वेगवान मॉस्किटो विमाने स्कॉटलंडहून स्टॉकहोमला जात आणि शत्रूच्या पहाऱ्यातून बेअरिंगे घेऊन परतत. चाकाच्या पोटातल्या छऱ्यांची किंमत राष्ट्रांना अशी कळली.

युद्ध संपले. कॉव्हेंट्री शहर बाँबच्या माऱ्यातून पुन्हा उभे राहिले. आणि मार्च १९६१ मध्ये जिनीव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वारने आपली ई-टाइप लोकांपुढे आणली. लांबलचक नाक, जमिनीलगत बसकी, आणि ताशी दीडशे मैलांचा वेग सांगणारी. १९७४ सालापर्यंत या गाड्या तयार होत होत्या. एकूण संख्या ७२ हजारांवर गेली.

आपल्याला तिचे मागचे चाक पाहायचे आहे. मालट्रकच्या मागे दोन्ही चाकांना जोडणारी एकच जाड, अखंड पेटी असते. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही हिसका बसतो. ई-टाइपमध्ये तसे नाही. तिथे मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. चाक ज्याला बसवलेले असते त्या भागाला हब म्हणतात. हा हब अॅल्युमिनियमच्या एका घरात फिरतो, आणि घर व हब यांच्यामध्ये दोन निमुळत्या रोलरची बेअरिंगे एकमेकांकडे तोंड करून बसवलेली असतात. घोडागाडीवाल्या टिमकेनने काढलेली युक्ती ती हीच. इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे जाते. वेग घेताना गाडीचा भार मागे झुकतो. वळणावर बाहेरच्या चाकावर बाजूचा दाब येतो. हे सारे त्या दोन बेअरिंगांनी सोसायचे.

आता चाक आवाज करू लागले असे समजा. सावकाश जाताना काही नाही. वेग वाढला की मागून घूं-घूं असा आवाज येतो आणि वेगाबरोबर चढतो. हा आवाज कशाचा? उतावळा माणस लगेच म्हणेल, "बेअरिंग गेलं." पण आम्ही इतिहासाची माणसे एका साक्षीदारावर विश्वास ठेवीत नाही, आणि चांगला मिस्त्रीही ठेवीत नाही. तो दुसरे साक्षीदार तपासतो.

पहिली तपासणी रस्त्याची. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर आल्याबरोबर आवाज बदलला, तर दोष टायरचा असण्याचा संभव अधिक. दुसरी तपासणी अॅक्सिलरेटरची. वेग तोच ठेवून पाय दाबला किंवा सोडला की आवाज बदलतो का? बदलत असेल, तर मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी चाकांकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे पाहावे. तिसरी तपासणी वळणाची. मोकळ्या रस्त्यावर गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. उजव्या वळणावर आवाज वाढला आणि डाव्या वळणावर कमी झाला, तर संशय डाव्या बेअरिंगवर. उलट झाले तर उजव्यावर.

मग गाडी उभी करून हाताने तपासायचे. पुढच्या चाकांना ओंडे लावायचे, मागची बाजू जॅकने उचलायची आणि भक्कम घोड्यांवर टेकवायची. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये. जॅक सरकला म्हणजे मग पश्चात्तापाला वेळ उरत नाही. चाक हाताने सावकाश फिरवून पाहायचे. चांगले बेअरिंग मुकाट्याने फिरते. झिजलेले असले तर आत वाळू भरल्यासारखी खरखर हाताला लागते, कानाला ऐकू येण्याआधी. नंतर चाक वर आणि खाली धरून हलवायचे. ढिलाई लागली तर?

इथे ई-टाइपमध्ये एक चकवा आहे. या गाडीत चाकाला फिरवणारा दांडा तेवढेच एक काम करीत नाही; चाकाला वरच्या बाजूने आधार देणारा हातही तोच. त्यामुळे दांड्याचे सांधे झिजले असले तरीही चाक हलते, आणि खालच्या बाजूचा सांधा ढिला असला तरीही हलते. म्हणून एकाने चाक हलवायचे आणि दुसऱ्याने आत डोकावायचे. हब हलतो पण त्याचे घर स्थिर आहे, तर दोष बेअरिंगचा. घरासकट सगळेच हलत असेल, तर दोष सांध्याचा. ही तपासणी न करता नवी बेअरिंगे घातली तर पैसे जातात आणि आवाज किंवा ढिलाई जिथल्या तिथे राहते.

दोष बेअरिंगचाच ठरला, म्हणजे उघडायचे. चाक काढायचे. दांड्याच्या टोकाची खीळ काढून नट सोडवायचा. हब त्या दांड्यावर खाचांमध्ये घट्ट बसलेला असतो. तो हातोड्याने ठोकून काढायचा नाही, पुलर लावून ओढून काढायचा. खालच्या सांध्याचा दांडा काढला की हबचे घर मोकळे होते आणि कामाच्या टेबलावर येते. मग हब दाबयंत्रावर बाहेर काढायचा, आणि बेअरिंगची आतली व बाहेरची कडी काढायची. कडे आणि रोलर ही जोडी असते. एक जुने आणि एक नवे असे घालायचे नाही. नवे कडे बसवताना अॅल्युमिनियमचे घर थोडे तापवतात. तापले की ते किंचित फुगते आणि कडे मारझोड न करता आत बसते.

आणि आता सगळ्यांत नाजूक काम. दोन्ही बेअरिंगांमध्ये किती सैलपणा ठेवायचा? अगदी घट्ट केले तर रोलर दाबले जातात, तापतात आणि लवकर मरतात. फार सैल ठेवले तर चाक डुलते आणि रोलर आपटतात. जॅग्वारच्या दुरुस्ती-पुस्तिकेत याचे माप दिलेले आहे: इंचाचे दोन ते सहा सहस्रांश. म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून सुमारे सातव्या भागापर्यंत. माणसाच्या एक-दोन केसांच्या जाडीएवढा हा खेळ! तो डायल गेजने मोजतात, आणि थोड्याथोड्या फरकाने जाड असलेल्या कड्यांपैकी नेमके एक निवडून साधतात. ताशी दीडशे मैलांची गाडी शेवटी या केसभर मापावर उभी असते. श्वाइनफुर्टच्या फिशरने जे माप छऱ्यांत आणले, तेच माप मिस्त्रीला पुन्हा आपल्या हाताने आणावे लागते. कारखान्याचे माप मिस्त्रीने सोडले तर कारखान्याचे सारे श्रम वाया.

काढलेले जुने बेअरिंग फेकून देण्याआधी पुसून उजेडात पाहावे. ते काही सांगते. कडे निळसर पडले असेल तर ते तापले आहे. ग्रीस संपले असावे किंवा खेळ फार कमी ठेवला गेला असावा. तांबूस डाग असतील तर पाणी शिरले. बारीक ओरखडे असतील तर धूळ. पृष्ठभागाचे टवके उडाले असतील तर भार सोसून सोसून पोलाद थकले आहे. आणि सारख्या अंतरावर खळगे दिसले तर बहुधा बसवताना कोणीतरी हातोडा चालवला. सारख्या अंतराच्या खुणांना आणखी एक कारण असते. १९३० च्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारी आगगाडीने दूरदूर पाठवत, तेव्हा रस्त्यावर एक मैलही न धावता त्यांच्या चाकांतली बेअरिंगे खराब झालेली आढळत. चाक फिरत नव्हते, पण डब्याच्या थरथरीने रोलर एकाच जागी घासत राहून तिथले ग्रीस बाजूला सारत होते. चालवून वस्तू झिजते हे सर्वांना ठाऊक आहे. उभी ठेवूनही ती झिजू शकते, ही गोष्ट तेव्हा लोकांच्या ध्यानात आली.

आता सुरुवातीला दिलेले वचन पुरे करतो. संबंध काय? सायकलच्या चाकाचा हब उघडा, आत छर्रेच आहेत. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात टिमकेनच्या पद्धतीचे निमुळते रोलर असतात. आपल्याकडे १९४६ साली जयपूरला बेअरिंगचा कारखाना स्थापन झाला, आणि १९६० च्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला एस.के.एफ.चा कारखाना उभा राहिला. त्या कापडगिरणीतल्या विंगक्विस्टची कंपनी अशी आपल्या दाराशी आली. साखर कारखान्यांकडे ऊस नेणारी टायरची बैलगाडीही बेअरिंगवरच चालते. लाकडी तुंबा करकरून सगळ्या गावाला सांगत होता की मला वंगण द्या. बेअरिंग तसे करीत नाही. ते फार दिवस मुकाट्याने काम करते, मग थोडे दिवस हलकेच घुमते, आणि नंतर एकदम बसते. म्हणून त्याच्याकडे कान द्यावा लागतो.

आणि भाराचेही एक गणित आहे, ते शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे. स्वीडनमधील पाल्मग्रेन आणि लुंडबेरी या दोघांनी १९४७ साली बेअरिंगच्या आयुष्याचा हिशेब बसवून दिला. छऱ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला की त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या हिश्शावर येते. रोलरचे तर सुमारे दहाव्या हिश्शावर. गाडीवर दुप्पट ऊस लादणारा माणूस आपली एक खेप वाचली असे समजतो. चाकाचा हिशेब वेगळा असतो. रात्री, उताराला, भरल्या गाडीचे चाक बसले म्हणजे तो हिशेब बैलांना आणि शेजारी चालणाऱ्या माणसांना चुकता करावा लागतो.

शिक्षकांना एक सुचवतो. भंगारातला सायकलचा एक हब मिळवा आणि वर्गात मुलांसमोर उघडा. छर्रे मोजायला लावा, चिमटीत धरून त्यांची गोलाई पाहू द्या. मग एक छर्रा काढून त्याच्या जागी किंचित मोठा छर्रा घाला आणि आस बोटांनी फिरवायला सांगा. कुठे अडते ते मुलांना बोटांनीच कळेल. चांगली कल्पना आणि चांगले माप यांच्यामध्ये माणसाला किती शतके लागली, हे मग फळ्यावर वेगळे लिहावे लागणार नाही. आणि त्यांतले एखादे मूल उद्या ट्रॅक्टरचे चाक उघडायला बसेल, तेव्हा हातोडा उचलण्यापूर्वी गेज मागेल. इतिहास शिकवण्याचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ झाला.